पुण्यात लाइव्ह रॉक आणि लोकसंगीत ऐकायचंय? एका साउंडवाल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय चोवीस, साताऱ्याकडून नोकरीसाठी पुण्यात आलेत, रॉक हेडफोनवर भरपूर ऐकलंय, गावाकडं जागरण-गोंधळ ऐकत मोठे झालेत, आता दोन्ही समोर बसून ऐकायचंय. कुठं जायचं, एकटं गेलं तर चालतं का, आईवडील दिवाळीनंतर येणार आहेत त्यांना काय दाखवू, आणि एकदा एका पबमधे बँड ऐकायला गेलो तर गाण्यातला एक शब्द कळला नाही, नुसतं डोकं धरलं, लाइव्ह असंच असतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकीचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. नाही, लाइव्ह असं नसतं. शब्द कळले नाहीत यात बँडचा दोष असेलच असं नाही आणि तुमच्या कानाचा तर अजिबात नाही. मी बरीच वर्षं पुण्यात लाइव्ह साउंड करतोय, पबमधे, लॉन्सवर, नाट्यगृहात, देवळाच्या मंडपात सुद्धा, आणि माझं ठाम मत झालंय की कार्यक्रम कानाला कसा लागणार हे निम्मं तर जागाच ठरवते, आणि उरलेल्यात मोठा वाटा तुम्ही त्या जागेत कुठं उभे आहात याचा असतो. लोक कोण वाजवतंय हे बघून तिकीट काढतात, कुठं वाजवतंय हे कोणी बघतच नाही.

पबचं आधी बघू. बुटकं छत, समोर काच, खाली टाइल्स, आणि त्यात पूर्ण ड्रमकिट. ड्रमर जोरात वाजवणारा असला तर तेवढ्या खोलीत नुसत्या ड्रम्सचाच आवाज १०० डेसिबलच्या पुढं जातो, तिथं माइक लावायची पण गरज नसते. मग गिटारवाला आपला अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) वाढवतो कारण त्याला स्वतःचं ऐकू येत नाही, मग बेसवाला वाढवतो, आणि गाणाऱ्याचा आवाज या सगळ्यांच्या वर काढायचा तर माझ्याकडं जागाच उरत नाही, फेडर (आवाज कमीजास्त करायची पट्टी) अजून वर नेला की फीडबॅक, म्हणजे स्पीकरमधून कर्कश शिट्टी. शिवाय गाणाऱ्याच्या मागं चार फुटांवर झांजा असतात, त्या त्याच्याच माइकमधून परत स्पीकरवर येतात. म्हणजे मी आवाज वाढवला की झांजा पण वाढल्या. तुम्हाला त्या दिवशी डोकं धरायला लावलं ते बहुतेक हेच.

आता यातून वाट कशी काढायची. स्टेजला चिकटून उभं राहू नका, सगळ्यात मोठी गफलत तिथंच होते, कारण गाण्याचा आवाज ज्या मेन स्पीकरमधून येतो ते दोन बाजूला असतात आणि त्यांचा आवाज पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कडेनं पुढं निघून जातो, त्याला फक्त ड्रम्स आणि अँप ऐकू येतात. भिंतीला किंवा कोपऱ्यात टेकून पण नको, कोपऱ्यात बेस साठतो आणि सगळं घुमायला लागतं. दोन स्पीकरमधे जेवढं अंतर आहे साधारण तेवढंच मागं जाऊन मधोमध उभं राहा. आणि साउंडवाल्याचं कन्सोल (सगळे आवाज मिसळायचं मिक्सरचं टेबल) हॉलच्या मधे असेल तर डोळे झाकून त्याच्या पुढ्यात जाऊन थांबा, तो जे ऐकून मिक्स करतोय तेच तुम्हाला ऐकू येईल. (कन्सोल बारच्या मागं कोपऱ्यात कोंबलेलं असेल तर हा नियम लागू नाही, तिथं त्याला पण नीट ऐकू येत नसतं, तो बिचारा दर दोन गाण्यांनी मधे येऊन ऐकून जातो, त्याला वाट द्या.) अजून एक, पहिली दोन गाणी ऐकून मत बनवू नका. साउंडचेक रिकाम्या हॉलमधे झालेला असतो, माणसं भरली की कपडे आणि अंगं मिळून वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात, सगळा हिशोब बदलतो, तो नीट बसवायला आम्हाला दोन गाणी तरी लागतात.

नाट्यगृहाची गोष्टच वेगळी. बालगंधर्व १९६८ चं, ते आणि आपली बाकीची नाट्यगृहं, टिळक स्मारक, भरत नाट्य मंदिर, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, ही सगळी नाटकाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून बांधलेली. तिथं आवाज फार वेळ घुमत राहत नाही, म्हणून ज्या गाण्यात शब्दाला मान आहे, पोवाडा, भारूड, गोंधळ, लावणी, किंवा दोन गिटार आणि एक गळा असं काही असेल, ते मला स्वतःला नाट्यगृहातच ऐकायला आवडतं. रॉक पण तिथं साफ ऐकू येतं, पण खुर्चीत बसून हेवी बँड ऐकताना पाय थांबत नाहीत आणि उठलं की मागचे ओरडतात. त्याच्यापेक्षा लहान जागा म्हणजे शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह, तिथलंच श्रीराम लागू रंग-अवकाश, एरंडवण्याकडचं द बॉक्स. या मूळच्या नाटकवाल्यांच्या जागा, पण मधूनमधून गाण्याचे कार्यक्रम होतात आणि झाले की सोडू नका, कारण कलाकार हाताच्या अंतरावर असतो आणि कधीकधी माइकशिवाय गातो. माणसाचा गळा आणि चामड्याचं वाद्य मधे काहीही न येता ऐकणं ही चीज आता फार कमी मिळते, माझं पोट माइकवर चालतं तरी मी हे सांगतोय.

लॉन्सवरचे मोठे फेस्टिवल म्हणजे तिसरा प्रकार. एनएच७ वीकेंडर २०१० साली पुण्यातच सुरू झाला आणि त्यानं या शहरात उभं राहून, हिंडत, एका दुपारी पाच बँड ऐकायची सवय लावली हे मान्यच करायला पाहिजे. उघड्यावर भिंती नाहीत म्हणून घुमणं नाही, पण वारा आला की वरचा आवाज हलतो, आणि हिवाळ्याच्या रात्री जमीन गार पडली आणि वरची हवा त्यापेक्षा उबदार राहिली की आवाज वर उडून जायच्या ऐवजी खाली वाकतो आणि लांबच्या सोसायटीत पोचतो, मग तक्रार, मग पोलीस. दहाचा नियम सगळ्यांना माहीत असतो पण तो नीट समजून घ्या: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणासुदीला १२ पर्यंत सवलत, आणि बंदिस्त सभागृहाला हा नियम तसा लागत नाही. म्हणून पुण्यात उघड्यावरचा मुख्य बँड साडेआठला चढतो आणि दहाच्या ठोक्याला थांबतो. तुम्ही ऑफिसमधून निघून, जेवून, पार्किंग शोधून साडेनऊला पोचलात तर अर्ध्या तासाचं गाणं मिळेल. वेळेवर जा असं मी म्हणतो ते शिस्त म्हणून नाही, गाणंच तेवढ्यात संपतं म्हणून. आणि उघड्या मैदानात हळुवार संगीत किती स्वच्छ ऐकू येऊ शकतं हे बघायचं असेल तर डिसेंबरमधे मुकुंदनगरला सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाला, एक संध्याकाळ बसून या. तो महोत्सव १९५३ पासूनचा आणि शास्त्रीय संगीताचा आहे, तुमच्या विषयाचा नाही, तरीपण जा.

आता लोकसंगीत, ज्याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय. तुम्ही जागरण-गोंधळ अंगणात ऐकलाय, म्हणजे तुमच्याकडं मोजमाप आहे, ते सोडू नका. अंगणात गोंधळी जवळजवळ उभे असतात, मुख्य गाणाऱ्यानं ओळ टाकली की झीलकरी ती अलगद उचलतात, संबळवाला गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत असतो. तेच लोक चाळीस फुटांच्या स्टेजवर आणले की आयोजक त्यांना दिसायला छान म्हणून लांब लांब उभे करतात आणि मग झील अर्ध्या मात्रेनं मागं पडायला लागते, कारण त्यांना एकमेकांचं ऐकूच येत नाही. मी अशा वेळी आधी सगळ्यांना जवळ उभं करतो आणि माइक कमी करतो. तुम्ही प्रेक्षक म्हणून एवढंच बघा की कलाकार एकमेकांच्या जवळ आहेत का. असतील तर कार्यक्रम रंगण्याची शक्यता खूप वाढते.

वाद्यांचं पण सांगतो. संबळ काडीनं वाजतं, फार जोराचं आहे, लहान सभागृहात त्याला माइक नकोच. तुणतुण्याला एक तार, ते इतकं बारीक की मोठ्या स्टेजवर माइक नसेल तर हरवतं, पण सूर तेच धरून ठेवतं, म्हणून तुणतुणं स्वच्छ ऐकू येत असेल तर समजा साउंडवाल्याला लोकसंगीत कळतं. हलगीचं कातडं दमट हवेत सैल पडतं, पावसाळ्यात तर फारच, म्हणून वाजवायच्या आधी ती शेकतात. थिएटरात जाळ करता येत नाही, तेव्हा मधे दोन मिनिटं थांबून हलगीवाला विंगेत जाऊन वाद्य गरम करून आला तर चुळबुळ करू नका, परत आल्यावर पहिली थाप ऐका, फरक कळतो. दिमडी लहान दिसते पण वाघ्याच्या हातात ती काय बोलते ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

लोकसंगीत आणि रॉक एकत्र करणारे बँड पण ऐका, दोन्ही आवडणाऱ्या माणसाला ते आवडतातच. मुंबईचा अभंग रिपोस्ट आहे, अभंग बेस-ड्रम्सवर गातात, दिल्लीचा इंडियन ओशन तर १९९० पासून आहे. अशा बँडचं भलंबुरं ओळखायची माझी एक खूण आहे: संबळ किंवा पखवाज सुरू झाला की ड्रमर हात आखडता घेतो का? दोन्ही वाद्यांचा आवाज बराचसा एकाच पट्टीत येतो, दोघंही पूर्ण जोरानं वाजले तर दोन्ही मरतात, आणि हे कन्सोलवर दुरुस्त होत नाही, ते त्यांनी तालमीतच ठरवायला लागतं. चांगला बँड देशी वाद्याला जागा करून देतो, वाईट बँड ते फोटोसाठी स्टेजवर बसवतो.

आणि स्टेजच्या बाहेरचं विसरू नका. आषाढी वारीत दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाला, त्या रात्री पेठांमधे फिरा, दिंड्या जिथं जिथं उतरलेल्या असतात तिथं भजन चालू असतं, कोणी तिकीट विचारत नाही. जेजुरी पुण्यापासून पन्नासेक किलोमीटर, चंपाषष्ठीला गेलात तर वाघ्या-मुरळी त्यांच्या स्वतःच्या जागेत ऐकायला मिळतील. लावणीसाठी नाट्यगृहातले शो असतात, खास महिलांसाठीचे पण होतात आणि ते जोरात चालतात. संगीत बारी, म्हणजे बायकांच्या पार्टीनं तमाशा थिएटरात सादर केलेली लावणी, ऐकायची तर पुण्यातलं आर्यभूषण थिएटर किंवा सोलापूर रस्त्यावरचं चौफुला, तिथं मात्र माहितगार माणसाबरोबर जा, तिथल्या रीतीभाती वेगळ्या आहेत आणि त्या पाळल्या पाहिजेत. कुठंही असो, परवानगीशिवाय मोबाइल लावून शूटिंग करू नका, त्या बायकांचं पोट त्या कलेवर आहे आणि ते व्हिडिओ पुढं कसे फिरतात ते तुम्हाला माहितीये.

रॉकसाठी पुण्यात कुठं जायचं याचं उत्तर पत्ता देऊन देता येत नाही, कारण जागा टिकत नाहीत. ब्लू फ्रॉग नावाचं लाइव्ह संगीताचं ठिकाण आलं, गाजलं, बंद झालं. हाय स्पिरिट्सचं नाव माझ्या पिढीतल्या प्रत्येक बँडवाल्याच्या तोंडी असायचं. आता कोरेगाव पार्क-मुंढव्याचा पट्टा, राजा बहादूर मिल्स, विमाननगर, बाणेर-बालेवाडी इकडं कार्यक्रम होतात, पण पुढच्या वर्षी यातलं काय राहील कोण जाणे. म्हणून जागेच्या नाही, माणसांच्या मागं जा. एक बँड आवडला की त्यांना इन्स्टावर फॉलो करा, मग त्यांचा ड्रमर अजून कोणाबरोबर वाजवतो ते बघा, पुण्यात एकच ड्रमर तीन बँडमधे असणं अगदी नेहमीचं आहे, तिथून तुम्हाला पुढचे दोन बँड मिळतात. पुण्याचे म्हणून ऐकायचे तर अग्नी आहेत, ईझी वॉन्डरलिंग्ज आहेत, दोघांचा बाज एकदम निराळा. आणि कॉलेजची पोरं ऐका, मनापासून सांगतो. फिरोदिया करंडक १९७४ पासून चालू आहे, नाटक, नाच, चित्र, संगीत सगळं एकाच प्रयोगात, तिथं कोपऱ्यात बसून वाजवणारी पोरं पुढं शहरातल्या बँडमधे दिसतात.

पबमधे कव्हर्सची (दुसऱ्यांच्या गाजलेल्या गाण्यांची) रात्र असते आणि ओरिजनल्सची (बँडच्या स्वतःच्या गाण्यांची) रात्र असते, जाहिरातीत नीट बघून घ्या. कव्हर्सला गर्दी होते, लोक बरोबर गातात, मजा येते, पण स्वतःची गाणी करणाऱ्या बँडला समोर ऐकणारी तीस माणसं मिळाली तर त्यांची पुढची सहा महिन्यांची तालीम त्यावर निघते, हे मी स्टेजच्या शेजारी उभा राहून बघतो. सुरुवातीला वाजवणारा नवा बँड असतो ना, तो पण ऐका. त्यांना साउंडचेकला सगळ्यात कमी वेळ मिळालेला असतो, तेवढं समजून घ्या.

लोकसंगीताच्या कार्यक्रमाची बातमी ऑनलाइन कमी येते. पेपरातलं आजचे कार्यक्रम सदर अजून उपयोगाचं आहे, नाट्यगृहाबाहेरचे बोर्ड पण वाचत जा. पुष्कळ कार्यक्रम विनामूल्य असतात, खाली बारीक अक्षरात काही जागा राखीव असं लिहिलेलं असतं, त्या राखीव जागा म्हणजे पुढच्या चार-पाच रांगा, पुण्यात त्या बऱ्याचदा अर्ध्या रिकाम्या राहतात, सुरू झाल्यावर स्वयंसेवकाला विचारून पुढं सरका. तिकिटाचं म्हणाल तर पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्याच्या वर लागतो, लहान गिग्जची (कार्यक्रमांची) तिकिटं ४९९ ला का अडकलेली असतात ते यावरून कळेल. पबमधे कव्हर चार्ज (आत जायचे पैसे) असतो, तो खाण्यापिण्यात वळता होतो की नाही ते दारातच विचारा. बीअर २१ आणि हार्ड ड्रिंक २५ असा महाराष्ट्रात नियम आहे, चोवीसला तुम्हाला आत सोडतील, पण ओळखपत्र जवळ ठेवा, २०२४ च्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर दारावर कडक तपासतात. पिणं बंधनकारक नाही, लिंबूसरबत घेऊन पूर्ण गिग ऐकणारे कितीतरी जण असतात.

कानाचं मात्र गांभीर्यानं घ्या. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी तज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मधे कार्यक्रमाच्या जागांसाठी जी मार्गदर्शक पातळी दिली ती पण पंधरा मिनिटांची सरासरी १०० च्या वर नको अशीच आहे. गिगहून घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर कानावर ताण आला, आणि तो दर शनिवारी येत राहिला तर एक दिवस ती शिट्टी थांबत नाही. आमच्या धंद्यात अशी माणसं आहेत, फार वाईट वाटतं बघून. साधे फोमचे इअरप्लग मेडिकलमधे मिळतात, त्यानं आवाज जरा दबका वाटतो, संगीतासाठीचे वेगळे मिळतात ते थोडे महाग पण सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच कमी करतात. लावा, लाजू नका, स्टेजवरच्या लोकांच्या कानात पण असतात.

एकटं जायचं तर बिनधास्त जा. बँड ऐकायला एकटी आलेली माणसं प्रत्येक गिगला असतात, बहुतेक कन्सोलच्या आसपास, कारण त्यांना पण कळलेलं असतं. गाणी संपल्यावर पाच मिनिटं थांबा, बँडवाले सामान आवरत असतात, जाऊन कुठलं गाणं आवडलं ते नावानिशी सांगा, एवढ्यानं ओळख होते. केबल गुंडाळायला मदत करायला जाऊ नका फक्त, ती गुंडाळायची पण पद्धत असते. परतीचं आधी ठरवून ठेवा, मेट्रोची शेवटची गाडी किती वाजता ते निघायच्या आधी बघा, मुंढव्याहून रात्री अकरानंतर रिक्षावाले मागतील तो आकडा असतो.

आणि आईवडील. त्यांना पबमधे नेऊ नका, पहिल्यांदाच फेस्टिवलला पण नको, उभं राहून दमतील. बालगंधर्वला किंवा यशवंतरावला लोककलेचा, शाहिरीचा कार्यक्रम लागलाय का बघा, बालगंधर्वला मेट्रोनं येणार असाल तर छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरून चालत जाता येतं. जागा घेताना आठवी ते बारावी रांग, मधला पट्टा. अगदी पुढं नको, मान वर करून बसायला लागतं आणि बाजूच्या स्पीकरचा त्रास होतो, आणि बाल्कनीच्या खाली येणाऱ्या शेवटच्या रांगा तर नकोच, तिथं आवाज बोथट होतो. मधलं मिळालं नाही तर बाल्कनीची पहिली रांग चांगली, पण वडिलांचे गुडघे दुखत असतील तर जिन्याचा विचार करा. शक्य असेल तर तिकीट खिडकीवर जाऊन काढा, प्लॅन समोर असतो, खुर्ची बोटानं दाखवून मागता येते.